सोसायटी ग्रुप: मालवण ट्रिप, गाडी नक्की कोणत्या रात्रीची??

देशपांडे (बी-302): पेडणेकर साहेब, तिकिटाचा फोटो आत्ता झूम करून बघितला. 11003 तुतारी, तारीख 12 डिसेंबर, दादर 00:05. अहो ही गाडी गुरुवारी रात्रीची आहे!! तुम्ही नोटीस लावलीय शुक्रवारी रात्री. शुक्रवारी मी ऑफिसात आणि गाडी दुपारच्या आत कुडाळला

पेडणेकर (सेक्रेटरी): नमस्कार. 12 तारीख म्हणजे शुक्रवारच. रात्री 12 वाजता. प्रॉब्लेम कळला नाही.

जोशी काकू: आम्ही 4 जण शुद्ध शाकाहारी, यादीत लिहून घ्या 🙏

साळवी काका: पेडणेकर, 12 तारीख रात्री 12 ला सुरू होते, संपत नाही. गुरुवारचं जेवण उरकून स्टेशनवर गेलात तर 00:05 ला शुक्रवार लागलेला असतो. शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट 13 चं हवं. 34 वर्षं रेल्वेत काढली, चोवीस तास उशिरा आलेली अख्खी वरात बघितलीय प्लॅटफॉर्मवर, नवरदेवासकट

रोहन: 😂😂😂

पेडणेकर (सेक्रेटरी): मी आधी कोकणकन्याच बघत होतो, ती 23:05 ला सुटते त्यामुळे तारीख 12 च बरोबर होती. त्यात वेटिंग आलं म्हणून तुतारी टाकली, तारीख तीच राहिली. 60 दिवस आधी सकाळी 8 ला बुकिंग उघडतं, त्या दिवशी ॲप फिरत बसलं होतं, एकटा बसलो होतो मी, तेव्हा कोणी मदतीला आलं नाही

शिंदे (खजिनदार): मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात मी बघतो.

देशपांडे (बी-302): खाली 👍 टाकणाऱ्या 17 जणांपैकी एकानेही तारीख वाचली नाही हे पण विशेष

परब (ए-101): तुम्ही पण टाकलेला देशपांडे. स्क्रोल करून बघा

सौ. कदम: चिनूची परीक्षा आहे हो शुक्रवारी, गुरुवारी रात्री आम्ही नाही निघू शकत. रूम पण 13 पासूनच आहेत ना?

पेडणेकर (सेक्रेटरी): हो देवबागला 13 ची दुपार ते 14. जीप पण 13 ला कुडाळला येणार.

परब (ए-101): मग 12 ला उतरून एक रात्र कुडाळ स्टेशनवर भजन करूया

गोखले आजोबा: माझं तिकीट अपर बर्थ दाखवत आहे. वय 74. गुडघा. मी मागेही लिहिलं होतं.

जोशी काकू: पुन्हा टाकते, वर गेला असेल मेसेज. आम्ही 4 शुद्ध शाकाहारी. तवा वेगळा हवा 🙏

साळवी काका: आजोबा, 6-6 जणांची 3 तिकिटं काढली तिथेच चूक झाली. लोअर बर्थचा कोटा एकटं माणूस किंवा दोघंच असतील तर लागतो, पुरुष 60 च्या पुढे, बायका 45 च्या पुढे. सहा जणांत एक ज्येष्ठ घातला की कॉम्प्युटर जागा असेल तर देतो, नाहीतर कुठेही टाकतो. तुमचं आणि वहिनींचं दोघांचं वेगळं काढायला हवं होतं

रोहन: 45 च्या पुढच्या लेडीजनी हात वर करा, लोअर बर्थ मिळतोय 😄

सौ. कदम: रोहन तुझ्या आईला सांगते

गोखले आजोबा: सवलत पण 2020 ला गेली ती गेलीच. आता बर्थ पण वर.

सुहास: गेटसमोर पांढरी स्विफ्ट कोणाची आहे? पाण्याचा टँकर आत येत नाहीये

शिंदे (खजिनदार): मुद्द्यावर या. थ्री एसी कन्फर्म तिकीट बरंच आधी रद्द केलं तरी माणशी 180. 18 माणसं, 3240, वर जीएसटी. हे कोण भरणार? ट्रिप फंडातून मी देणार नाही, अलिबागचा हिशोब अजून पूर्ण झालेला नाही.

पेडणेकर (सेक्रेटरी): अलिबाग काढायची गरज होती का? बसवाल्याने टोल वेगळा लावला, पावती दाखवली आहे तुम्हाला.

शिंदे (खजिनदार): अर्धी पावती दाखवली.

*हा मेसेज डिलीट केला गेला*

परब (ए-101): काय लिहिलेलं देशपांडे? आम्ही वाचलं बरं का

देशपांडे (बी-302): काही नाही. माझा कोणावर रोष नाही. फक्त एवढंच म्हणणं आहे की ज्याने काढलं त्याने तारीख बघायची असते. असो.

सौ. कदम: 13 च्या तुतारीचं वेटिंगवर काढून ठेवलं तर? होतं कधीकधी कन्फर्म

साळवी काका: नको. ऑनलाइन तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं. खिडकीवरचं वेटिंग घेऊन स्लीपर-एसीत चढू देत नाहीत. तत्काळला एका तिकिटावर चारच माणसं, आणि आता आधार जोडलेलं खातं लागतं. 18 जणांचं एका सकाळी जमणार आहे का?

जोशी काकू: मांडवीने जाऊया ना, दिवसाची आहे, खायला छान मिळतं म्हणतात

परब (ए-101): काकू मांडवीने कुडाळला पोचेपर्यंत संध्याकाळ होते, किल्ल्याच्या होड्या काय रात्री सोडणार? आणि आमच्या मालवणात येऊन तुम्ही वरणभात खाणार त्याचं आधी दुःख होऊ द्या

जोशी काकू: सोलकढी आम्ही पितो.

देशपांडे (बी-302): वंदे भारत?

साळवी काका: हां, हे बरोबर बोललात. शुक्रवारी नसते, पण शनिवारी आहे. सकाळी सहाच्या सुमारास ठाण्याला येते, दुपारच्या आत कणकवली. कुडाळला थांबत नाही हं. जीपवाल्याला आजच फोन करा कणकवलीला ये म्हणून, तिथून मालवण दीड तास धरा

रोहन: आत्ता बघितलं, 13 ला चेअर कारमध्ये 31 सीट आहेत. जरा महाग आहे पण

परब (ए-101): आजोबा, चेअर कारमध्ये सगळेच लोअर 😀

गोखले आजोबा: 👍

शिंदे (खजिनदार): फरक माणशी ज्याचा त्याने भरायचा. रद्दचे 180 पेडणेकरांनी भरावेत असं माझं वैयक्तिक मत. सक्ती नाही.

पेडणेकर (सेक्रेटरी): भरतो. पुढची ट्रिप दुसऱ्या कोणीतरी काढा.

सौ. कदम: असं नका हो बोलू, तुम्ही करता म्हणून तरी होतं सगळं. आम्ही आमचे देतो

देशपांडे (बी-302): माझे पण मी देतो. रिटर्न तरी नीट आहे ना एकदा बघाल का

साळवी काका: बघितलं. 14 ची कोकणकन्या, कुडाळवरून रात्री पण 12 च्या आत निघते. बरोबर आहे.

सुहास: पांढरी स्विफ्ट!!! टँकर परत गेला

देशपांडे (बी-302): सॉरी सॉरी माझी आहे, उतरतोय

परब (ए-101): 😶

पेडणेकर (सेक्रेटरी): 🔴 सुधारित सूचना 🔴 18 तिकिटं झाली. शनिवार दि. 13 पहाटे 5 वाजता सर्वांनी गेटवर हजर राहणे. रिक्षा सांगितल्या आहेत. उशीर करणाऱ्यासाठी थांबणार नाही. जुनं तिकीट कोणीही दाखवू नये.

गोखले आजोबा: शनिवार पहाट म्हणजे शुक्रवारी झोपून उठल्यावरची ना?

जोशी काकू: गाडीतला नाश्ता पण व्हेजच टाकला ना हो आमचा? 4 जण 🙏