"मुरगळलाय, चोळून घे" : घोटा, टाच, पोटरीच्या दुखापतींचे तुमचे अनुभव

रविवारी सकाळी कोल्हापूरच्या गांधी मैदानात पेठेतली आम्ही जुनी पोरं फुटबॉल खेळत होतो. माझं वय ४१, आठवड्यातून एकदाच बूट घालणारा. बॉलमागं पळायला पाय रेटला आणि टाचेच्या वर कुणीतरी मागून सणसणीत लाथ घातल्यासारखं झालं. खट्ट आवाज मी स्वतः ऐकला. चिडून वळलो, तर मागं कुणीच नव्हतं.

"मुरगळलाय, चोळून घे," सगळे म्हणाले. लंगडत का होईना चालता येत होतं, बोटं हलत होती, म्हणून मलाही पटलं. पाच आठवडे आंबेहळद-रक्तबोळाचा लेप आणि तेलाचं चोळणं. ठणका गेला, पण जिना चढताना पाय जोरच धरेना. त्या पायाच्या चवड्यावर उभंच राहता येईना. एक्स-रे काढला, तो चांगला आला, कारण त्यात हाड दिसतं, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा) दिसत नाही.

शेवटी एका डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी दाबली. चांगल्या बाजूचं पाऊल लगेच खाली वाकलं, दुसरं जागचं हललं नाही. पोटरीला टाचेशी बांधणारी अकिलीस कंडरा, शरीरातली सगळ्यांत जाड, पूर्ण तुटली होती. तुटलेली टोकं तोवर एकमेकांपासून लांब गेलेली, त्यामुळं अंगठा वाकवणारी कंडरा वळवून तिथं बसवावी लागली. पहिल्याच आठवड्यात गेलो असतो तर पाऊल खाली वाकवून ठेवणाऱ्या प्लास्टरवरही कदाचित भागलं असतं. त्या पाच आठवड्यांची रुखरुख अजून आहे, म्हणून हा धागा. तुमचं काय झालं, कुणी ओळखलं, किती दिवस वाया गेले, सगळं लिहा.

* * *

मी शिक्षिका, वय ५२. दिवसभर उभं राहणं आणि संध्याकाळी रंकाळ्याला फेरी. घोट्याच्या आतल्या बाजूला दुखायचं, मी वजनाला दोष देत राहिले. एकदा जाऊबाई मागून येत होत्या. म्हणाल्या, "अगं, तुझ्या उजव्या पायाची बोटं बाहेरनं जास्त दिसतात, डाव्याची नाहीत." तळव्याची कमान बसत चालली होती! ती उचलून धरणारी कंडरा आतल्या घोट्यामागून जाते, आणि चाळिशीनंतर बायकांत तिचा त्रास जास्त आढळतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. कमानीला आधार देणारे बूट आणि रोजचा व्यायाम, यावर वर्षभरात बरंच सावरलंय. सपाट कोल्हापुरी मात्र आता फक्त लग्नकार्याला, तीही तासाभरासाठी.

* * *

दादा, मी तालमीतला. डाव टाकताना पाय आत वळला, बाहेरचा घोटा टम्म सुजला. वस्तादांनी पट्टी बांधली, पंधरा दिवसांत परत मातीत उतरलो. पण पाय फिरवला की घोट्यामागं काहीतरी हाडावरनं टक्कन सरकायचं, बोटाला कळायचं. सोनोग्राफी करताना पाय फिरवायला लावला तेव्हा पडद्यावर कंडरा जागा सोडताना दिसली. सारखं मुरगळतंय असं वाटणाऱ्या पोरांनी ही टकटक तपासून घ्या.

* * *

पन्हाळा-पावनखिंड करून आल्यावर टाच धरली. फिजिओथेरपिस्टनी पायरीच्या कडेला चवडे ठेवून टाच हळूहळू खाली सोडायला लावली : १५ वेळा, तीनदा, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. आठव्या आठवड्यानंतर फरक कळला. दुखणं अगदी टाचेच्या हाडाशी असेल तर पायरीच्या खाली टाच सोडायची नाही, हेही त्यांनीच बजावलं.

* * *

माझी गोष्ट खेळाची नाही. लघवीच्या संसर्गासाठी लेव्होफ्लॉक्सासिन (फ्लुओरोक्विनोलोन गटातलं अँटिबायोटिक) चालू होतं, चौथ्या दिवशी दोन्ही टाचांच्या वर दुखू लागलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच औषध बदललं. या गटातल्या औषधांनी कंडरा तुटूही शकते, साठीनंतर आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. असं दुखलं तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

* * *

मुलगी परवा शाळेत पडली. बाहेरचा घोटा काळानिळा, हाडावर बोट लावलं तरी कळ मारते. चार पावलं काही टाकता येत नाहीत. सासूबाई म्हणतात चोळणाऱ्याला बोलवू. काय करू?

* * *

ताई, चार पावलं टाकता येत नाहीत आणि हाडावर दुखतंय, म्हणजे एक्स-रे आजच काढायचा. सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्या, नाहीतर जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडं. तोवर पाय उशीवर उंच, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, आणि पायाला तेलाचा हात कुणालाही लावू देऊ नका. सासूबाईंना धाग्याच्या सुरुवातीचं माझं वाचून दाखवा. काय निघालं ते इथंच कळवा, वाट बघतोय.