वडगावच्या घरातला हातमाग काढवत नाही, काय करू?

वडगावची काकू:
नमस्कार मंडळी. पुढच्या खोलीत मामांजींचा खड्ड्यातला माग आहे. बेळगावकडच्या शहापुरी साड्या विणायचे. पुढं पॉवरलूम आले आणि हातमागाचं गिऱ्हाईक तुटलं. मामांजी गेले, मग आमचे हेही गेले. आता मागावर कापड नाही, तुटका ताणा लोंबतोय, तरी मी रोज धोटे, म्हणजे ताण्यातून आडवा धागा नेणारी लाकडं, पुसून ठेवते. हात लागून लागून ते काळे गुळगुळीत झालेत. मुलगा पुण्याला बोलावतो. गेले तरी जीव इथंच: खड्ड्यात पाणी उतरलं असेल, वाळवी लागली असेल. गल्लीतल्या बायका आषाढीला पंढरपूरला निघतात, मी मागासाठी घरी. ज्यांनी असं काही सोडलंय त्यांनी सांगा, मन कसं घट्ट केलं?

खानापूरकर:
काकू, भंगारात मात्र घालू नका. मागाची फणी, धोटे विणणाऱ्याच्या हाती जाऊ देत.

निपाणीचा वारकरी:
ताई, तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली हे आपण कीर्तनात ऐकतो. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आधी त्यांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा हिस्सा वेगळा काढून दिला आणि बुडवला तो फक्त आपला. 1630 च्या दुष्काळात माणसं नागवली होती. वसुलीला कुणाच्या दारात उभं राहायचं, हा घोर त्या कागदांबरोबर गेला. दुसऱ्याच्या हक्काला त्यांनी हात लावला नाही. म्हणून आधी बघा, मागात दिराचा, नणंदेचा वाटा आहे का. त्यांना विचारा. मग तुमच्याकडं उरते ती नुसती राखण, ती तुम्ही खुशाल सोडू शकता.

माझंच सांगतो. वाटणी करून रान पोरांच्या नावावर केलं. उताऱ्यावरचं माझं नाव गेलं, पण मी रोज सकाळी बांधावर हजर. तंबाखू का लावली नाही, पाणी कधी पाजलं, सगळी चौकशी. पोरं वैतागली, मीही. ते विचारणं बंद केलं तेव्हा कुठं रात्रीची झोप लागायला लागली. नुसत्या सह्या करून माणूस मोकळा होत नाही, ताई.

आणि हो, घर मात्र कुणाच्या नावावर करायची घाई नको. म्हातारपणी छप्पर आपलं असावं. माग वेगळा, घर वेगळं.

वडगावची काकू:
दादा, नणंदेला अथणीला फोन लावला. भांडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "वहिनी, बाबांची आठवण म्हणून फणी मला ठेव, बाकी तुझ्या मनाला येईल ते कर." बराच वेळ दोघी रडलो. मागच्या गल्लीतले विणकर येऊन धोटे बघून गेले. एकाचं टोक झिजलंय, बाकीचे चालतील म्हणाले. ते उद्या देते. मागाचं लाकूड सागवानी आहे, ते उपसून नीट वापरणारं खासबाग-शहापूरकडं कुणी आहे का? आणि खड्डा बुजवायला मुरूम घालावा की आधी दगड?