गाडी तापत होती: खरं दुखणं कुठे सापडलं?

मे महिन्यात खंबाटकी चढताना बॉनेट वर केलेली एक तरी गाडी कडेला दिसतेच. भोवती उभा प्रत्येक जण वेगळं निदान सांगत असतो. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) बदला, पंप बदला, रेडिएटरच बदला. एकेक भाग बदलत बिल वाढतं आणि काटा परत लाल रेघेकडे. म्हणून हा धागा. ज्यांना खरं कारण सापडलं त्यांनी लिहा: गाडी नेमकी कधी तापायची आणि कशावरून खात्री पटली? 'चांगलं कूलंट वापरा' हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते नको.

माझ्यापासून सुरू करते. पेट्रोल हॅचबॅक. सिंहगड रोडच्या रांगेत काटा चढायचा, हायवेला लागलं की आपोआप खाली. चालत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर गार करतो, उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्याचं. त्यामुळे संशय तिथेच. एसी लावला की पंखा फिरायला हवा, तो फिरत नव्हता. फ्यूज चांगला होता. पेटीतला तसलाच दुसरा रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच) लावून पाहिला, तरी नाही. मग इलेक्ट्रिशियनने बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या. पंखा नुसता गुरगुरला. लाकडी पट्टीने पात्याला हलकासा धक्का दिल्यावर फिरायला लागला. मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले. (पट्टीच वापरा. इंजिन गरम असेल तर काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.)

संत्रानगरी
माझं नेमकं उलटं, ताई. नागपूर शहरात काही त्रास नाही. समृद्धीवर 110-120 ने अर्धा तास गेलो की काटा हळूहळू वर. एसी बंद केला, वेग 80 वर आणला की खाली. वेगात वारा भरपूर असतो, म्हणजे पंख्याचा प्रश्नच नाही. उष्णता जास्त तयार होते आणि रेडिएटरला तेवढी बाहेर टाकता येत नाही, असा सरळ अर्थ. मेकॅनिकने इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवर आडवा-उभा फिरवला. वरून खाली तापमान हळूहळू उतरायला पाहिजे होतं. इथे मधला मोठा पट्टा एकदम थंड! त्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं होतं, आतमध्ये क्षारांचा थर. पूर्वीच्या पितळी रेडिएटरचं रॉडिंग (नळ्यांत सळई घालून थर काढणं) व्हायचं. आता ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या, त्यामुळे नवीनच टाकला. आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. चंद्रपूरला 46 मध्ये जाऊन आलो, काटा हलला नाही.

कृष्णाकाठ
वरच्या भाऊंसारखीच लक्षणं, पण कारण बाहेरचं. 2019 च्या पुरात सांगलीत गाडी चाकं बुडेपर्यंत पाण्यात होती. इंजिनात पाणी गेलं नव्हतं, सर्व्हिस करून आणली आणि विसरून गेलो. पुढच्या उन्हाळ्यात तापायला लागली. समोरून जाळी लख्ख दिसायची, कारण समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर. रेडिएटर त्याच्या मागे. दोन्हींच्या मधल्या फटीत पुराचा गाळ वाळून चिकटलेला. कंडेन्सर सुटा केल्यावर खपल्याच निघाल्या. धुताना प्रेशर वॉशर लांबून मारायचा, नाहीतर पत्र्याच्या पापण्या मुडपतात. ज्यांच्या गाड्या पुरात होत्या त्यांनी एकदा टॉर्च मारून मध्ये बघाच.

थंड हवेचं ठिकाण
थोडक्यात लिहितो. रेडिएटरची कॅप. कूलंटची बाटली उतू जायची आणि इंजिन गार झाल्यावर वरचा होज चपटा होऊन बसायचा. कॅपला दोन झडपा असतात: एक दाब धरते, दुसरी गार होताना बाटलीतलं कूलंट परत ओढून घेऊ देते. माझी दुसरी अडकली होती आणि पहिलीचं रबर कडक झालं होतं. दाबाचं महत्त्व आम्हा महाबळेश्वरकरांना चटकन पटतं, इथे उघड्या भांड्यात पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. साधारण 1 बारची कॅप धड असेल तर तेच पाणी 120 च्या आसपास उकळतं. कॅप काहीशे रुपयांची. आधी ती बदला, मग इंजिन खोला.

बर्फातला पुणेकर
टोरोंटोजवळ राहतो. बाहेर उणे 15 आणि गाडी तापतेय, हे सांगितलं तर घरचे हसले. लक्षण असं: काटा वर आणि त्याच वेळी हीटरमधून गार वारा. हीटर त्याच गरम कूलंटवर चालतो. इंजिन तापलेलं असताना तो गार वारा फेकत असेल, तर कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा कूलंट फिरतच नाहीये. माझ्या गाडीत वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी गुलाबी ओघळ वाळलेले दिसले. पंपाचं सील गेलं की तिथूनच पाझरतं. जमिनीवर थेंब पडत नव्हता, कारण गरम इंजिनावरच सुकून जायचं. भारतात हीटर कोणी लावत नाही, पण ही तपासणी फुकट आहे.

रंकाळा
आमचं प्रकरण मोठं आहे, सवडीनं वाचा.

कूलंट कमी व्हायचं. खाली डाग नाही, होज सुके, पंप कोरडा. पहिल्या गॅरेजने थर्मोस्टॅटच काढून टाकला. "आपल्याकडं त्याची गरजच न्हाई ओ!" आणि खरंच, काटा खाली आला. बायको म्हणाली, झालं काम. पण इंजिन गरमच होईना, पेट्रोल जास्त खायला लागलं आणि कूलंट कमी होणं काही थांबलं नाही. काटा खाली बसवला म्हणजे रोग बरा झाला असं नाही, हे दुसऱ्या मिस्त्रींनी पहिल्याच वाक्यात सांगितलं.

या मिस्त्रींनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी थंड इंजिन माझ्यासमोर सुरू केलं. पहिले काही सेकंद एक सिलिंडर मिस, मागून पांढरा धूर. मला म्हणाले, वरचा होज धरा. मिनिटभरात होज दगडासारखा टणक, पण हाताला गारच! कूलंट तापलेलं नसताना दाब आला कुठून? सिलिंडरमधला वायू आत घुसत होता. मग त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवली, तीत निळं रसायन. वरचा रबरी फुगा दाबून रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली. निळं आधी हिरवट झालं, मग स्वच्छ पिवळं. जळलेला वायू असल्याशिवाय रंग बदलत नाही. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलेलं.

लक्षात घ्या, ऑइल दुधाळ नव्हतं (त्यात कूलंट मिसळलं की तसं होतं). सगळे डिपस्टिक बघून "ऑइल साफ आहे, गॅस्केट ठीक आहे" म्हणत होते. गॅस्केट कुठे फुटलंय त्यावर ते ठरतं. आमचं सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेच्या मध्ये फुटलं होतं. हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवली आणि खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) सरकवून दाखवली. अशा छोट्या इंजिनांत 0.05 मिमीच्या पुढे वाक चालत नाही, आमचा बराच जास्त होता. फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), नवं गॅस्केट, नवे हेड बोल्ट, आणि थर्मोस्टॅट परत जागेवर.

जुना एसटीवाला
मंडळी, डेपोच्या वर्कशॉपात हयात गेली म्हणून दोन शब्द. रंकाळा, तुमचे मिस्त्री जपा.

काट्यावर आंधळा विश्वास नको. सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असेल तरच खरं सांगतो. होज फुटून पाणी सगळं गेलं की तो हवेत लोंबतो आणि काटा उलट खाली येतो. वर गेलेला काटा काही न करता एकदम पडला तर खुश होऊ नका, गाडी बंद करा. हल्ली कित्येक गाड्यांत काटाच नसतो, नुसता लाल दिवा, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

बोनेटात लांबीच्या दिशेने बसवलेल्या इंजिनाच्या जुन्या डिझेल गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी पंख्याचा व्हिस्कस क्लच बघावा. यांचा पंखा विजेवर नाही, इंजिनवरच फिरतो, आणि गरम झाल्यावर त्याला पकड देतो तो हा क्लच. गरम इंजिन बंद करून पातं हाताने फिरवा. जड फिरलं पाहिजे. भिंगरीसारखं गरगरलं तर क्लच संपला.

आणि घाटात वाफ दिसली तर कॅपला हात लावायचा नाही, गार पाणी ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं हेड तडकतं. नुसता काटा चढला असेल, वाफ नसेल, तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि जागा मिळेल तिथे थांबा.

मडगाव-बेळगाव
माझं अजून सुटलेलं नाही. ट्रॅफिकमध्ये एसी लावला की काटा मध्याच्या वर जातो, मग पंखा जोरात सुरू होतो, काटा खाली. पुन्हा तेच. चोर्ला घाटात मात्र काहीच नाही. पंखा चालतोय, मग गडबड कुठे?

धागाकर्ती
एसी लावल्याबरोबर पंखा हळू वेगात सुरू होतो का, की थेट जोरातच? बऱ्याच गाड्यांत दोन वेग असतात आणि हळू वेग रेझिस्टरमधून (मोटरला जाणारी वीज कमी करणारा भाग) येतो. तो जळला की पहिला वेग गायब होतो, दुसरा तापल्यावरच लागतो. बॉनेट उघडून, एसी लावून बघा आणि इथे सांगा. मोटर बदलायची घाई करू नका.