मदत हवी आहे: कूलंट कमी होतंय पण गळती कुठंच दिसत नाही, इंजिनचं काम निघणार का?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातली, गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किमी झालेत, मी स्वतःच चालवते. गेला महिनाभर एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून इथं लिहितेय. कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली मॅक्सपर्यंत भरली की आठवड्याभरात मिनच्या खाली जाते. खाली पार्किंगमध्ये फरशीवर एक थेंब नाही, रात्री पुठ्ठा घालून पण बघितला, सकाळी कोरडाच.

गावात इंजिनच्या तापमानाचा काटा बरोबर मध्यावर असतो. पण मागच्या रविवारी पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला काटा वर सरकायला लागला. मी एसी बंद केला आणि कुठंतरी ऐकलं होतं म्हणून हीटर फुल लावला, काटा थोडा खाली आला पण काचेवर आतून असं चिकट बाष्प धरलं की फडक्यानं पुसलं तरी तेलकट पट्टे राहिले. आई म्हणाली गोडसर वास येतोय. बाजूच्या सीटखालचं कार्पेट पण ओलं आहे, पण पावसाळ्यात कुणाचे पाय कोरडे असतात म्हणून मी लक्ष दिलं नाही.

ज्या मेकॅनिककडं नेहमी जाते तो म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं सील) गेलं असेल, हेड उतरवावं लागेल, २५ हजार धरून चाला, नाहीतर तोवर पाणी टाकून चालवा. काही तपासलं नाही, नुसतं बॉनेट उघडून सांगितलं. पुढच्या आठवड्यात फोंडा घाटानं कणकवलीला जायचंय, आई-बाबा आणि लेक बरोबर. जाताना उतार आहे, येताना सगळा चढ, दाजीपूरच्या जंगलात गाडी गरम झाली तर काय करायचं? प्लीज सांगा, इंजिन खरंच जायच्या वाटेवर आहे हे कशावरून ओळखायचं?

गाडीवान_राजारामपुरी: ताई, आधी साधं पाणी टाकणं बंद करा, नुसत्या पाण्यानं आत गंज धरतो. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, हात भाजून घेतलेली माणसं बघितलीत मी. आता हेड गॅस्केटचं. सकाळी गार इंजिनला ऑइल भरायचं झाकण उघडून आतनं बघा, दुधाच्या चहासारखा फेस आहे का? थोडासा पिवळट थर झाकणालाच असेल तर घाबरू नका, गावातल्या गावात पाच-दहा मिनिटं गाडी फिरवली की पावसाळ्यात तसा धरतो. पण ऑइल मोजायची काडी काढली आणि ऑइलच दुधाळ दिसलं तर गाडी स्टार्टच करू नका. सायलेन्सरचा धूर पण बघा. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ येऊन जाते ती सोडा, गाडी गरम झाल्यावर पण पांढरा धूर येतोय आणि त्याला गोड वास आहे तर कूलंट आत जळतंय. निळसर असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त पडतंय.

शिरोली_फौंड्रीवाला: वरच्या दादांनी सांगितलं ते बरोबर, माझी एक भर. हेड ॲल्युमिनियमचं असतं, एकदा जोरात तापलं की वाकतं, मग फेसिंग मारायचं, म्हणजे घासून परत सपाट करायचं काम वाढतं. म्हणून काटा लाल पट्ट्याकडं निघाला की पुढचं गाव येऊ दे असं म्हणू नका, तिथंच बाजूला घ्या. ऑइलचा लाल दिवा लागला तर तर इंजिन लगेच बंद. चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागून राहिला तर स्कॅनर लावून घ्या, पण तो लुकलुकत असेल आणि गाडी धक्के मारत असेल तर मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, तशी गाडी ताणू नका.

घाटातला_प्रवासी: ताई, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. धूर, दुधाळ ऑइल यातलं तुम्ही काहीच लिहिलं नाही, पण काचेवर चिकट बाष्प, गोड वास आणि बाजूचं कार्पेट ओलं असं तिन्ही लिहिलंय, ते पण हीटर लावल्यावर. मला हे हीटर कोअर वाटतंय. डॅशबोर्डच्या आत छोटा रेडिएटर असतो, इंजिनचं गरम कूलंट त्यातनं फिरतं. तो आत गळतो म्हणून खाली थेंब पडत नाही. त्या कार्पेटला बोट लावून चोळून बघा, पावसाचं पाणी असेल तर नुसतं ओलं लागेल, कूलंट असेल तर बुळबुळीत. आणि उद्यमनगरात कुणाकडं तरी प्रेशर टेस्ट करून मागा, गार इंजिनला पंप लावून दाब देतात आणि पंपावरचा दाबाचा काटा पडतोय का बघतात. हेड उतरवायच्या आधी एवढं कराच.

धागाकर्ती: आत्ता खाली जाऊन आले. बुळबुळीत आहे, साबण लावल्यासारखं, आणि बोटाला हिरवट रंग आला. ऑइलची काडी स्वच्छ आहे. उद्या सकाळी नेते.

धागाकर्ती (चार दिवसांनी): प्रेशर टेस्ट केली. पंपाचा काटा हळूहळू पडत गेला आणि डॅशखाली टॉर्च मारला तर थेंब दिसला. हीटर कोअरच. बदलायला पूर्ण डॅशबोर्ड खोलावा लागतो म्हणून सध्या हीटरकडं जाणारे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून लूप केलाय, नवीन कूलंट पाण्यात अर्धं-अर्धं मिसळून भरलं, हवा काढली. बाटलीवर मार्करनं रेघ मारलीय. काल मुद्दाम वाघबीळ दोनदा चढले, काटा हलला नाही, आज सकाळी कूलंट रेघेवरच. घाटातले प्रवासीदादा, तुमचे खरंच मनापासून आभार, आईनं पण सांगायला सांगितलंय.

आता एकच विचारते, कार्पेटमधलं कूलंट कसं काढायचं? ते विषारी असतं असं वाचलं आणि लेक तिथंच पाय ठेवून बसते, दप्तर पण तिथंच टाकते. नुसतं कोमट पाण्यानं जातं का अख्खं कार्पेट काढून घ्यावं लागेल?