मदत हवी आहे : लेखी आदेशाविना कामावरून काढल्यास परिचारिकेने दाद कोठे मागावी?
कोल्हापुरातील एका खाजगी रुग्णालयात मी कायम स्टाफ नर्स होते. ड्युटी-तक्त्यात सलग रात्रपाळ्या माझ्याच नावापुढे पडत आणि नाईट ऑफही (रात्रपाळ्यांनंतरची सुट्टी) कापला जाई. याविषयी मेट्रनकडे (मुख्य परिचारिकेकडे) लेखी अर्ज दिल्यानंतर गेल्या महिन्यात नोटीस, चौकशी वा आदेश यांपैकी काहीही न देता मला कामावर येण्यास मनाई करण्यात आली, आणि हा उघड अन्याय आहे. राजीनाम्यावर सही करण्यास मी नकार दिला. नियुक्तिपत्र, पगारपावत्या, तक्त्यांचे फोटो व अर्जाची पोच जवळ आहे. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेल्या पत्राला मात्र उत्तर नाही. रुग्णालयात कामगार संघटना नाही. १९७१ च्या महाराष्ट्र कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची (मालकाने कामगाराशी केलेल्या बेकायदा वागणुकीची) तक्रार ९० दिवसांत करावी लागते, म्हणून विचारते : आधी सहायक कामगार आयुक्तांकडे जावे, की थेट कामगार न्यायालयात तक्रार दाखल करावी?