मदत हवी आहे: पावसाळ्यात मुलांचं पायी/सायकलने शाळेत जाणं बंद पडतं

मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत. शाळा दीडेक किलोमीटरवर. हवा बरी असली की तो सायकलने आणि ती माझ्यासोबत चालत, विनातक्रार जातात. पाऊस लागला की "आजच्या दिवस गाडीने सोड ना" सुरू होतं, आणि आजचा दिवस म्हणता म्हणता अख्खा पावसाळा जातो. मग थंडीत पुन्हा पहिल्यापासून मनधरणी.

व्यायामाचे फायदे कृपया सांगू नका. ५ ते १७ वयाच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटं तरी दमवणारी हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जाता-येता त्यातली बरीचशी आयती होईल, म्हणून तर हा खटाटोप!

अडचण पायांची आहे. रेनकोट कितीही चांगला असला तरी त्यावरून ओघळलेलं पाणी थेट बुटात उतरतं. ओल्या मोज्यांत दिवसभर बसायला लेक तयार नाही, आणि मला ते पटतं. मुलाच्या सायकलला रबरी ब्रेक आहेत, रिम ओली झाली की पटकन लागत नाहीत. डिस्क ब्रेकवाली घ्यावी का? शिवाय पावसात गेटसमोर गाड्यांची ही झुंबड. गाड्यांच्या भीतीने लोक आणखी गाड्या काढतात, कमाल आहे.

प्रतिसाद १: जाताना सँडल, बूट-मोजे पिशवीत. शाळेत पाय पुसून घालायचे. आमच्याकडे हा प्रश्न तिथेच मिटला. सायकल बदलायची घाई नको. आधी ब्रेकचे रबर झिजलेत का बघा. ब्रेक लांबूनच हलके दाबत आणायचे, म्हणजे रिमवरचं पाणी निपटतं. दोन्ही ब्रेक एकत्र दाबायचे, पण वळणावर नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली असली की जाम घसरतात, तेही दाखवून ठेवा. सायकलवर घोळदार रेनकोट नको, चाकात जातो.

प्रतिसाद २: धाकटीसाठी 'चालती बस' काढा. ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ. पालक पाळीपाळीने मुलांना घेऊन चालतात. मैत्रिणी वाट बघत असल्या की पोरं पावसाला जुमानत नाहीत. गाडीशिवाय ज्यांचं भागतच नाही त्यांनी दोन गल्ल्या अलीकडे सोडावं.

धागाकर्ती: सँडलचं उद्यापासूनच. चालत्या बसला तीन घरं तयार होतील बहुतेक. पण ज्याची पाळी तोच ऐनवेळी आला नाही तर तुम्ही काय करता?