८ ओहमचा आकडा पाहून फसू नका
स्पीकरसाठी अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) निवडताना 'स्पीकर ९० डीबीचा (डेसिबल, म्हणजे आवाजाच्या पातळीचा आकडा) आहे, मग अ‍ॅम्पचे १०० वॅट पुरे' असा हिशोब केला जातो. पुरतीलही, पण तो ९० डीबी मोजला कसा ते आधी बघा. बहुतेक कंपन्या २.८३ व्होल्ट देऊन १ मीटरवर मोजतात. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा आकडा. ८ ओहमच्या स्पीकरला तेवढ्यात १ वॅट जातो, ४ ओहमच्याला २. म्हणजे ४ ओहमचा '९० डीबी'वाला स्पीकर वॅटच्या हिशोबात ८७चाच. ३ डीबी वाढवायला दुप्पट वॅट लागतात, तेव्हा हा फरक किरकोळ नाही.

त्याहून महत्त्वाचा इम्पीडन्सचा आलेख, म्हणजे आवाजाच्या कोणत्या वारंवारतेला (हर्ट्झ) स्पीकरचा रोध किती ओहम असतो ते. ८ ओहम लिहिलेला स्पीकर १०० हर्ट्झच्या आसपास ३.५ ओहमपर्यंत उतरू शकतो. तिथेच फेज (व्होल्टेज आणि करंट यांच्यातलं मागे-पुढे असणं) उणे ४५ अंश असेल, तर क्लास एबी या नेहमीच्या प्रकारच्या अ‍ॅम्पच्या आउटपुट ट्रान्झिस्टरवर त्या ३.५ ओहमच्या निम्म्याहूनही कमी रोध जोडल्याइतका ताण येतो. अशा वेळी अ‍ॅम्प गरम होतो किंवा त्याचं प्रोटेक्शन मध्येच आवाज तोडतं, आणि दोष बिचाऱ्या स्पीकरला! म्हणून अ‍ॅम्पचे ८ आणि ४ ओहमवरचे वॅट शेजारी ठेवून वाचा. ८ ओहमवरच्या १०० चे ४ ओहमवर १८०-२०० होत असतील तर पॉवर सप्लाय दमदार. १०० चे १२०च होत असतील तर अशा स्पीकरला तो अ‍ॅम्प नको.

अ‍ॅम्पचा डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचे ओहम भागिले अ‍ॅम्पचा आतला रोध) ४०० की १००० यावर मात्र डोकं शिणवू नका. ८ ओहमला ४०० म्हणजे अ‍ॅम्पचा रोध ०.०२ ओहम, तर अडीच स्क्वेअर एमएमची ५ मीटर केबल जाऊन-येऊन एकटीच ०.०७ ओहमची भर घालते.